तळहातावरचे पैसे

आमच्या घरात पैसे फेकायला बंदी होती. ताट आपटलं तर आई एखादवेळ सोडून द्यायची, तोंडातून वावगा शब्द गेला तर बाबा डोळे मोठे करून थांबायचे. पण खाटेवरून दोन रुपयांचं नाणं कुणी कुणाकडे उडवलं की घरातली कामं जागच्या जागी थांबत. ते नाणं उचलून आणायचं, समोरच्याच्या हातावर ठेवायचं, त्याच्या डोळ्यांत पाहायचं, आणि मग पुढचं बोलायचं. दारात दूधवाला असो की भांडी देऊन जुने कपडे नेणारी बाई, नियम तोच. बल्लारपूरच्या आमच्या दोन खोल्यांत सगळं मिलच्या भोंग्यावर चाले. बाबा कागदाच्या कटिंगवर होते. ते घरात शिरले की ओल्या लगद्याचा आंबूस वास त्यांच्याआधी आत यायचा. हातपाय धुऊन ते चटईवर बसत आणि त्यांची दुसरी पाळी सुरू होई. ती पाळी पत्रकांची होती. कधी मजुरीवर, कधी अंगात येणाऱ्यांच्या भोंदूपणावर, कधी मुलींच्या शाळेवर. चार पानांचं पत्रक, किंमत दोन रुपये. छापखान्यातून सुटे कागद घरी यायचे आणि आम्ही घड्या घालायचो. चमच्याच्या पाठीने घडी दाबल्याचा सर्र आवाज, चुलीवर रटरटणारी लाखोळीची डाळ, आणि मधूनच बाबांचं मोठ्याने वाचणं. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. 'शोषण' हा शब्द मला 'शेवगा'च्या आधी लिहिता येत होता.

माझं वय आत्मकथन लिहिण्याचं नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. केस पिकू दे, राग निवू दे, मग लिही, म्हणतात. राग निवल्यावर मी काय लिहीन ते मला माहीत आहे. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

तो नियम आजोबांपासून आला होता. आजोबा लहान असताना गावच्या दुकानात आमच्या लोकांनी पायरीच्या खाली उभं राहायचं असे. पैसा पायरीवर ठेवायचा. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मग उचलणार आणि गूळ किंवा तंबाखू वरून सोडणार. झेलता आलं तर झेला, नाहीतर मातीतून वेचा. आजोबा हे सांगताना कधी रागावले नाहीत. ते फक्त आपला हात पुढे करून दाखवत, पालथा आणि उताणा, जणू त्या हातात काही खोट आहे का ते आम्हीच तपासावं. राग बाबांना यायचा. छप्पनच्या धर्मांतरानंतर आजोबांनी त्या पायरीवर पैसा ठेवणं बंद केलं. दोन वर्षं दुकानदाराने माल दिला नाही, आणि आजोबा मिठासाठी दुसऱ्या गावी चालत गेले. आमच्या घरात हात उघडून समोर धरणं याचा अर्थ असा होता: मी इथे आहे, माझा हात तुझ्या हाताला लागणार आहे.

मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला मार्कंड्याच्या जत्रेत बसवलं. वैनगंगेच्या काठी देवदर्शनाला माणसांचा पूर लोटलेला, आणि आम्ही वाळूत चादर अंथरून देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीवरची पत्रकं विकत होतो. बाबांना त्यात काही विचित्र वाटत नसे. नाणी ओळखायला मी त्या चादरीवर शिकले. गर्दीत नुसत्या बोटांनी. लोक धडाधड विकत घेत, कारण त्यांना ती आरतीची पुस्तकं वाटत. एक म्हातारी तासाभराने परत आली. म्हणाली, "भाऊ, याच्यात तं देवाचं काईच नाई." बाबांनी तिची माफी मागितली आणि मला म्हणाले, "सुजाता, मावशीले पैसे दे. हातात दे." मी दोन रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि पत्रकही घेऊन गेली. इतकंच आठवतं. पण पैशाचं शिक्षण म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की माझ्या बोटांना ती म्हातारी आठवते.

एवढी शिदोरी घेऊन मी विसाव्या वर्षी एटापल्लीच्या पुढच्या जंगलात गेले. एका संस्थेने लहान मुलांचे वर्ग काढले होते, महिन्याला थोडं मानधन. बस जिथे वळते तिथून दोन नाले ओलांडून चालत जायचं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे त्याची गाडी अजून तिथे थांबते आणि गावाला अजून तिची गरज आहे. तीस-पस्तीस घरं, सगळी माडिया लोकांची. मधोमध गोटूल, म्हणजे गाव जमायचं घर, त्याच्या पडवीत माझा वर्ग. पहाटे मुसळांचा आवाज, मग कोंबड्या, मग मोहाखाली फुलं वेचायला निघालेल्या बायकांच्या टोपल्यांची कुरकुर. मी मैनीबाईच्या घरी जेवायचे. कोसरी या बारीक धान्याची आंबील, वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, लाल मुंग्यांची चटणी. चटणी पाहून पहिल्या दिवशी माझं तोंड जे झालं असेल त्याची नक्कल मैनीबाईची मुलगी चिन्नी वर्षभर करत होती. चिन्नी सहा वर्षांची. समोरचे दोन दात पडलेले, आणि नक्कल करण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वर्गाच्या पुस्तकात पैशांचा एक धडा होता. एका मुलाकडे वीस रुपये आहेत, त्याने आठ रुपयांचं आइस्क्रीम घेतलं, किती उरले? आइस्क्रीम कुणी पाहिलं नव्हतं, ते सोडा. आमच्यावर देखरेख करणारे साहेब मोटरसायकलवरून आले, धडा उघडला, मुलांना मराठीत विचारलं, आणि मुलं गप्प बसली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "या पोरांच्या डोक्यात गणित जातच नाही. तुम्ही गाणी घ्या." ती मुलं तेंदूच्या हंगामात आईशेजारी बसून पुडकी बांधायची. एका पुडक्यात सत्तर पानं. एक पान कमी निघालं तर विडीची पानं घेणाऱ्या फडीवरचा मुनीम पुडकं बाजूला फेकतो. चिन्नी न पाहता, गप्पा मारत, बोटांनी सत्तर मोजायची, उंदी, रंड, मूंद करत, आणि कधी चुकायची नाही. साहेबांना मी हे सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी पुस्तक फडताळात टाकलं आणि दुकान मांडलं. बाबांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पुठ्ठ्याच्या कातरणांचं पुडकं पाठवलं होतं. त्यातून आम्ही नाणी कापली. एक, दोन, पाच, दहा. कागदाच्या वीसच्या आणि पन्नासच्या नोटा. आकड्याशेजारी काय काढायचं ते मुलांनी ठरवलं. दहाच्या नाण्यावर कोंबडी आली, एकावर मुंगी. खऱ्या नाण्यांवर मुलांचा मोठा आक्षेप होता. माझ्याकडचं दोनचं नाणं पाचच्या नाण्यापेक्षा मोठं होतं. लहान नाणं जास्त पैशांचं कसं, असं चिन्नीने विचारलं. मग आम्ही आमची नाणी किमतीप्रमाणे कापली. आमच्या कोंबड्या-मुंग्यांच्या राज्यात पाचाचं नाणं दोनाच्या अडीचपट होतं, आणि एका मुंगीला कुणी कधी कोंबडी समजलं नाही. पाच मुंग्या म्हणजे एक पाचाचं, दोन पाचाची म्हणजे एक कोंबडी, पाच कोंबड्या म्हणजे पन्नासची नोट. आठवड्याभरात मुलं मोड करू लागली.

मग मी त्यांना आमच्या घरचा नियम शिकवला. पैसे मातीत ठेवायचे नाहीत, फेकायचे नाहीत. हात उघडायचा, समोर धरायचा, मान वर, डोळ्यांत पाहायचं. हे शिकवायला मला दोन दिवस लागतील असं वाटलं होतं. एका मिनिटात जमलं. गिऱ्हाईक झालेल्या प्रत्येक मुलाने सगळे पैसे तळहातावर पसरले आणि हात दुकानदारासमोर धरला. दुकानदार झालेल्या मुलाने हवे ते उचलले. मी टाळ्या वाजवल्या. त्या रविवारी घरी पत्र लिहिलं की आपल्या घराला तीन पिढ्या लागल्या ते इथली मुलं पहिल्या दिवशी शिकली. बाबांनी ते पत्र आईला वाचून दाखवलं, मग शेजाऱ्यांना. ते पत्र अजून घरी आहे. कधी हाती लागलं तर मी ते उलटं ठेवते.

दर बुधवारी गावाबाहेरच्या चिंचेखाली शेठची गाडी यायची. शेठ म्हणजे चाळिशीतला, हसरा, गुटगुटीत माणूस. छोट्या मालगाडीच्या मागच्या फळीवर त्याचं दुकान. मीठ, तेलाच्या पिशव्या, साबण, हळद, बांगड्या. आधी तो मोह, डिंक, चारोळी विकत घ्यायचा, मग त्याच पैशांना माल विकायचा. प्रत्येकाला नावाने हाक मारी, माडियात थट्टा करी, लेकरांना चॉकलेट देई. दोन वर्षांपूर्वी मैनीबाई दुसऱ्या बाळंतपणात अडली तेव्हा यानेच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, हे मला गावातल्या प्रत्येकाने एकेकदा सांगितलं होतं. बुधवारी मला संस्थेचे कागद भरायचे असत, म्हणून पहिले दोन महिने मी चिंचेकडे गेले नव्हते. तिसऱ्या महिन्यात साबण संपला आणि गेले.

मैनीबाई माझ्या पुढे होती. तिने मोह विकला होता आणि पैसे तिच्या तळहातावर होते: पन्नासची एक नोट, दहाच्या दोन, पाचाची दोन नाणी, दोनाची दोन. तिने बोटाने दाखवलं, किलोभर मीठ, तेलाची लहान पिशवी, साबणाची वडी. शेठने तिन्ही वस्तू टोपलीत टाकल्या. मग मैनीबाईने हात उघडा समोर धरला, मान वर. शेठने तळहातावरून पन्नासची नोट उचलली, क्षणभर पाहिलं, पाचाचं एक नाणं उचललं, आणि चिन्नीच्या हातावर दोन चॉकलेटं ठेवली. मैनीबाई मूठ मिटून बाजूला झाली. किती झाले, हे तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मग माझी पाळी आली. मी त्याच तीन वस्तू मागितल्या. तीच पिशवी, तीच वडी, तेवढंच मीठ. "चाळीस रुपये, मॅडम," शेठ म्हणाला. मी पन्नासची नोट दिली. त्याने दहाची नोट दोन्ही हातांनी, अदबीने, माझ्या तळहातावर ठेवली.

मी विचारलं, आत्ता त्या बाईकडून पंचावन्न घेतले, माझ्याकडून चाळीस, हे कसं? माझा आवाज चढला होता. शेठ रागावला नाही. मला वाटतं, तेव्हापासून मला हसऱ्या माणसांची जास्त धास्ती वाटते.

"मॅडम, तिनं विचारलं काय मले? तिनं विचारलं असतं तं मी सांगतोच ना. यायले मोजता नाई येत, म्हणून मीच उचलून घेतो. मदतच करून राह्यलो. पोरीले चॉकलेट बी देल्लं."

मी टोपली घेऊन वर्गात आले. गोटुलाच्या भिंतीला आमची पुठ्ठ्याची नाणी सुतळीत ओवून टांगलेली होती. मी तिथे बसून राहिले आणि माझ्या टाळ्या आठवत राहिले. आजोबांचा हात, बाबांचा नियम, तीन पिढ्यांची ताठ मान, सगळं मी त्या लेकरांच्या तळहातावर ठेवलं होतं. आणि त्यांना त्यातलं काही शिकावं लागलं नव्हतं, कारण ती आपल्या आयांची नक्कल करत होती. जी रीत आमच्या अंगणात मानाची होती ती चिंचेखाली लुटीची होती. मी तिच्यावर शिक्का मारून दिला होता. वर घरी पत्र लिहिलं होतं. त्या दुपारी शेठपेक्षा मला माझाच जास्त राग आला, आणि कुठल्याही पत्रकातलं एकही वाक्य त्या रागाला पुरलं नाही.

जेवताना मैनीबाईला मी सांगायचा प्रयत्न केला. माझी माडिया मोडकी, तिची मराठी मोडकी. मी मिठाच्या खड्यांनी पंधरा रुपये मांडून दाखवले. तिने ते खडे गोळा करून मडक्यात परत टाकले, आणि म्हणाली, "शेठनं मले दवाखान्यात नेलं, बाई." मग माझ्या ताटात आणखी भाजी वाढली, म्हणजे बोलणं संपलं.

पण मुलं माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशी मी दुकानाचे नियम बदलले. गिऱ्हाईकाची मूठ बंद. दुकानदार कितीही म्हणाला, दाखव, तरी मूठ बंद. आधी विचारायचं, किती? उत्तर आलं की स्वतः पाहायचं, स्वतः मोजायचं, तेवढेच बाहेर काढायचे आणि त्याच्या हातावर ठेवायचे. उरलेले मागून घ्यायचे. मोडीच्या जागी चॉकलेट चालणार नाही. खेळ भलताच रंगला. शेठ व्हायला मारामारी होई, कारण चिन्नीने शेठ असा उभा केला की दुसरं कुणी तसं करू शकेना. पोट पुढे, एक हात कमरेवर, मान तिरपी, "आण वं बाई, दाखव, दाखव." आणि समोरून बारा मुठी मागे लपलेल्या, बारा बोबडे आवाज, मराठीत, कारण शेठशी मराठीत बोलायचं असं आम्ही ठरवलं होतं: "आधी किती, ते सांग." मी त्यांना चिंचेखाली जाऊन हे करा, असं कधी म्हणाले नाही. मी ते म्हणाले नाही, याची ढाल मी नंतर कितीतरी वेळा पुढे केली. त्यात अर्थ नाही. मला तेच हवं होतं.

पुढच्या बुधवारी मी मागे उभी होते. मैनीबाईने माल घेतला. शेठ म्हणाला, "आण." तिने सवयीने हात उघडा धरला. चिन्नीने आपल्या दोन्ही हातांनी आईची बोटं एकेक करून मिटली, त्या मुठीला लोंबकळली आणि वर पाहून म्हणाली, "आधी किती, ते सांग."

बायका हसल्या. शेठही हसला, चॉकलेटाचा डबा उघडला. चिन्नीने मान हलवली. मग शेजारच्या रांगेत वर्गातल्या दुसऱ्या मुलीने आपल्या आजीची मूठ मिटली. मग तिसऱ्याने. "आधी किती, ते सांग." आता हसणं थांबलं होतं. शेठने डबा बंद केला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, शाळा शाळेत ठेवा." आणि मग सगळ्यांना, थकलेल्या आवाजात, जणू दुखावला गेला होता: "ज्याले माझ्यावर भरोसा नाई त्यानं दुसरी गाडी पाहावी." अर्धा मोह काट्यावर चढायचा राहिला होता. त्याने फळी लावली आणि निघून गेला. पुढच्या बुधवारी गाडी चिंचेपाशी थांबली नाही. धूळ उडवत पुढे गेली. बसच्या ड्रायव्हरमार्फत शेठचा निरोप आला, "तो वर्ग बंद झाला की मला कळवा."

मोहाचा हंगाम होता. घरोघरी पोती भरलेली, पहिला पाऊस लागायच्या आत विकली नाहीत तर बुरशी. घराघरात मीठ संपत आलेलं. जवळचा बाजार एका दिवसाच्या चालीवर. तीन दिवसांनी सकाळी दस्सा पाटलांनी गोटुलासमोर गाव बसवलं. वर्ग ठेवायचा की गाडी, हे ठरवायला. पाटील साठीचे, बारीक, मराठी चांगली जाणणारे. त्यांनी मला आधी बोलायला सांगितलं.

मी बोलले. देवा, काय बोलले मी. शोषण, हक्क, संघटन, बाजारपेठ, जागृती. सगळी पत्रकं एका दमात. दहा मिनिटं तरी झाली असतील. पाटलांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग माडियात एक वाक्य सांगितलं. सगळं गाव हसलं. काय सांगितलंत, मी विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं, बाई म्हणते का शेठ चोर आहे."

"मग हसले काऊन?"

"ते आमाले माहीत आहे." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, पण दयाही नव्हती. "तो कोणाच्या हातातून किती उचलते, आमी मोजतो, बाई. मोजता येते आमाले. घरी आल्यावर सांगतो, आज दहा नेले, आज पंधरा नेले. दुसरी गाडी कुठी आहे? रात्री बाई अडली तं कोण नेते? ते पंधरा रुपये त्याचे आहेत."

साहेबांनी ज्यांच्या डोक्यात गणित जात नाही म्हटलं होतं, आणि मी ज्यांना गणित शिकवायला आले होते, ती माणसं गेली कित्येक वर्षं दवाखान्याच्या गाडीचं भाडं आगाऊ, आठवड्याच्या हप्त्याने, न बोलता भरत होती. सरकारने फुकट द्यायला हवी अशी गाडी. मला वाटलं, संपलं, उद्या गाठोडं बांधायचं. एक म्हातारा म्हणालाही, पोरांना कोंबड्या-मुंग्या काय, नंतरही मोजता येतील.

तेव्हा मैनीबाई उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती असं मला नंतर सांगण्यात आलं. ती माडियात बोलली, आणि पाटील शब्दाशब्दाला थांबून मला मराठीत सांगत गेले. या वेळी त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

"ती म्हणते, आपल्याले माहीत आहे, खरं आहे. पोरीले माहीत नव्हतं. पोरगी मले पाहून हात उघडे. तिले वाटे पैसा असाच राह्यते, आपण धरायचा अन् दुसऱ्यानं उचलायचा. मिठाविना आठवडा निघते, ती म्हणते. हे नाई पाहवत."

मग ती खाली बसली. पाटलांनी विडी पेटवली, ती संपेपर्यंत ओढली, आणि म्हणाले की मोह वाहून नेऊ.

तीन आठवडे गावाने मोह खांद्यावरून कावडीने नेला. पहाटे निघायचं, दुसऱ्या संध्याकाळी परत. एकदा मीही गेले. खांदा सोलून निघाला आणि कावड अर्ध्या वाटेत मैनीबाईच्या दिराने घेतली. तिथल्या बाजारातले व्यापारीही काही संत नव्हते. पण ते एकापेक्षा जास्त होते, आणि बायकांच्या मुठी बंद होत्या. घरात मिठाची चिमूट मोजून पडत होती. आळणी आंबील पिताना चिन्नी तोंड करायची, आणि ते माझं मुंग्यांच्या चटणीचं तोंड असायचं. सगळे हसायचे. मी हसले नाही. त्या तीन आठवड्यांत कुणी अडलं असतं तर, हा विचार मला जेवताना येई. कुणी अडलं नाही. याचं श्रेय मी घेत नाही.

चौथ्या बुधवारी गाडी चिंचेपाशी थांबली. कुणी बोलावलं नव्हतं. हंगाम त्याचाही निघून चालला होता. शेठ उतरला, नेहमीसारखा हसला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, तिने विचारायच्या आधी, मोठ्याने म्हणाला, "मीठ बारा रुपये." आधी दहा होतं. भाव आता तो सांगायचा, आणि सांगण्याचे म्हणून दोन रुपये जास्त घ्यायचा. याला मी विजय म्हणत नाही. बाबा त्याला विजय म्हणाले. त्यांनी त्यावर पत्रक लिहायला घेतलं, आणि आमच्यात पहिलं मोठं भांडण त्या पत्रकावरून झालं, कारण त्यात मी होते, शेठ होता, शोषण होतं, आणि मैनीबाई कुठेच नव्हती. ते पत्रक छापलं गेलं नाही. दीड वर्षाने संस्थेचा पैसा आटला आणि वर्ग बंद झाला. गाडीच्या धमकीने जे झालं नाही ते एका कागदाने झालं. साहेबांनी अहवालात लिहिलं की मुलांची गणितातली प्रगती समाधानकारक आहे.

मागच्या वर्षी मी त्या गावी गेले. चिन्नी आता अहेरीला शिकते, नर्सिंगला. रस्ता डांबरी झाला आहे, शेठची गाडी मोठी झाली आहे, आणि तिच्या फळीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीचं ते चित्र चिकटवलेलं आहे, फोनने पैसे द्यायचं. मला वाटलं, बरं झालं, आता तळहाताचा प्रश्न मिटला. मी चिंचेखाली उभी राहून पाहिलं. एक तरुण बाई आली, लेकरू काखेत. माल घेतला आणि आपला फोन, उघडलेला, शेठच्या हातात दिला. वर आपला चार आकड्यांचा गुप्त अंक मोठ्याने सांगितला. शेठने चष्मा लावून बोटं फिरवली आणि फोन परत दिला. पंधरा की पन्नास की पाचशे, आता तर तळहातही पाहायची सोय नाही. पडद्यावर काय उरलं ते तिने पाहिलं नाही. मला जोराने ओरडावंसं वाटलं. मी विसाव्या वर्षी जेवढी चिडले होते त्याहून जास्त चिडले, आणि माझ्या तोंडात पुन्हा तेच सगळे शब्द गोळा झाले, ज्यांचं पाटलांनी एका वाक्यात भाषांतर केलं होतं.

पुढची बाई फोन घेऊन पुढे झाली. शेठने हात पुढे केला. तेवढ्यात तिच्या मागून मैनीबाई सरकली. केस पिकलेले, हिरव्या काठाचं लुगडं. तिने मला पाहिलं नव्हतं. तिने त्या बाईच्या फोनवर आपला हात पालथा ठेवला, पडदा झाकून, आणि शेठकडे मान वर करून म्हणाली,

"आधी किती, ते सांग."